पाट ज्यांनी खणला

रातोखोला ओढ्यावर पाट खणून वीज करायची ठरली, तेव्हा खिमकली पुनच्या वाट्याला अर्धा दिवा आला.

कटुसडांडा गावच्या शाळेपुढं बैठक भरली होती. यंत्र बाहेरून येणार होतं, काही सरकारच्या पैशातून, काही दूरच्या कुठल्या देशाच्या मदतीतून. पण ओढ्यापासून वीजघरापर्यंतचा पाट गावानंच खणायचा होता, घरागणिक एक तुकडा. समितीचे अध्यक्ष रनसुर पुन, अख्खं गाव त्यांना मुखियाबा म्हणायचं, एकेका घराचं नाव पुकारत होते. ज्या घरात पुरुष आहे त्याला पूर्ण तुकडा आणि पूर्ण जोडणी. ज्या घरातला पुरुष परदेशी कमवायला गेलाय त्याला अर्धा तुकडा आणि अर्धी जोडणी, म्हणजे चुलीपुढं एक मिणमिणता दिवा. बाईचं काम अर्धं हा काही मुखियाबांनी काढलेला नियम नव्हता, गावचा दस्तूरच तो. रानातली मजुरीसुद्धा तशीच मिळायची.

खिमकलीचा नवरा ज्ञानसिंग मलेशियात ताडाच्या मळ्यात होता. घरात धुरानं डोळे गेलेली सासू आणि नुकती चालायला लागलेली पोर.

ती मागच्या रांगेतून उठली. "मुखियाबा, अर्ध्या दिव्यात काय दिसतं हो?"

"म्हणजे?"

"नाही, पिठाचा ढिंडो घाटताना अर्धीच कढई दिसणार का? की पोरगी अर्धी दिसणार? आधी सांगून ठेवा. उरलेली अर्धी मी चाचपून शोधत जाईन."

बायका तोंडाला हात लावून हसल्या. मुखियाबा हसले नाहीत. "बुहारी," ते म्हणाले (गावच्या सगळ्या सुना त्यांच्या बुहारीच), "जीभ चालते तशी कुदळ चालते का?"

"देऊन बघा. पूर्ण तुकडा द्या. कुणी घेत नाही तो द्या."

कुणी घेत नव्हतं असा तुकडा एकच होता, काळ्या कड्याचा. तिथं माती नव्हतीच, नुसता फत्तर. तो शेवटी कुणाच्या माथी मारायचा या विवंचनेत मुखियाबा होतेच. त्यांनी लगेच तिच्या नावावर टाकून दिला. लोक पुन्हा हसले, या वेळी पुरुष.

अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून चार हात दूर, सेते कामी उभा होता. लोहाराचं घर. लोहारवाड्याचं एकही नाव यादीत आलं नव्हतं. त्यांनी गावाच्या कुदळी, पहारी पाजवून द्यायच्या, दिव्याचं मागाहून बघू, असं ठरलं होतं.

"सेते दाजू," खिमकलीनं सगळ्यांदेखत हाक मारली, "तुमचं नाव आलंच नाही की."

एका पुन घरच्या सुनेनं लोहाराला दाजू, म्हणजे दादा, म्हणावं हे ऐकून दोघातिघांनी माना वळवल्या. सेते म्हणाला, "आमचं कुठं येतं दिदी."

"मग माझ्या तुकड्यात या. माझ्यात अर्धा माणूस कमी पडतोय म्हणतात. तो तुम्ही."

कडा फोडायची रीत सेतेला आजोबांकडून ठाऊक होती. फत्तरावर लाकडं रचायची, दिवसभर जाळ करायचा, दगड लालबुंद तापला की वरून ओढ्याचं गार पाणी ओतायचं. दगड कण्हतो आणि तडकतो. त्या तड्यात पहार घालायची. खिमकली पहाटे गवत आणायची, पोरीला सासूच्या मांडीवर टाकायची आणि नाम्लोचा पट्टा कपाळाला लावून पाठीवर लाकडाचा भारा घेऊन कड्यावर चढायची. सेतेची बायको आणि खिमकलीची गावातच दिलेली नणंद ओमकुमारी पाणी वाहायच्या. हातांना आधी फोड आले, मग ते फुटले, मग तळवे असे झाले की चुलीतला निखारा उचलला तरी कळू नये.

येणारेजाणारे वरून डोकवायचे. मुखियाबांचा पुतण्या एकदा वहिनीच्या नात्यानं ओरडला, "काय गं भाउजू, कड्याला फोडणी देतेस का?"

"हो ना! शिजला की पहिला वाटा तुला वाढते. दात घट्ट आहेत ना?"

गावातले मातीचे तुकडे कधीच संपले होते. काळ्या कड्याचं काम रेंगाळलं, पण झालं. शेवटचा धोंडा खाली कोसळला, तेव्हा खिमकली त्या खाचेत उताणी पडली आणि आभाळाकडं बघत बराच वेळ उठलीच नाही. सेतेला वाटलं, हिला काही झालं. ती म्हणाली, "काही नाही दाजू. आपण खणलेल्यात झोपून बघतेय. मऊ आहे."

पाणी सोडायच्या दिवशी पाटाच्या तोंडाशी भूमेदेवाला द्यायला कोंबडं आणलं होतं. मुखियाबा पाटाचं दार उचलणार, तेवढ्यात खिमकली पुढं झाली. "पाणी माझ्या तुकड्यातून जाणार. तो दोन घरांनी खणलाय. दोन्ही घरांना पूर्ण जोडणी आहे ना? एवढं ऐकलं की मी बाजूला होते."

पुरोहित थांबला, कोंबडं थांबलं, गाव थांबलं. मुखियाबांनी दात आवळून "आहे" म्हटलं. लोहारवाड्यात दिवा लागला तो असा.

त्या संध्याकाळी घरोघर दिव्याखाली माणसं जमली. तोवर कटुसडांड्यात देवदाराच्या ढलप्या जाळून उजेड करायचे, त्याच्या काळ्या धुरानं भिंती, छाती आणि डोळे सारखेच माखायचे. खिमकलीच्या सासूनं ऊब शोधत चेहरा वर केला आणि विचारलं, "आज खोकला कुणालाच कसा नाही?"

वीजघर चालवायला माणूस हवा होता. समितीनं एका तरण्या पोराला शहरात पाठवून शिकवून आणलं. शिकला आणि वर्षाच्या आत कतारला गेला. दुसरा शिकला, तो दुबईला. तिसरा तर शहरातूनच परस्पर गेला, परत आलाच नाही. मुखियाबांनी कपाळाला हात लावला.

"मला शिकवा," खिमकली म्हणाली. "मी कुठं जात नाही. पोर आहे, सासू आहे, आणि पाटात माझी हाडं आहेत."

मुखियाबांनी नाइलाजानं होकार दिला. तिनं चुका केल्याच. एकदा झडप नीट न लावता घरी आली आणि निम्म्या गावाचे दिवे उडवले. तेव्हा लोकांनी तिला ज्या शिव्या घातल्या, त्या तिनं खाली मान घालून ऐकून घेतल्या. पण यंत्राशी तिचं हळूहळू जमत गेलं, जसं तापट जावेशी जमतं.

दिवसा दिवे लागत नसत, म्हणून त्याच यंत्राला पट्टा लावून गिरणी जोडली. आधी दळायला बायका खोऱ्याच्या तळाशी पाणचक्कीवर जायच्या. उतरायला सकाळ, चढायला संध्याकाळ. तिथं लोहारवाड्याचं धान्य सगळ्यांच्या शेवटी घ्यायचे आणि त्यानंतर दगड धुवायचे. खिमकलीच्या गिरणीत रांग होती ती आल्या क्रमानं.

एकदा मुखियाबांची बायको पाठीवर नाचणीची टोपली घेऊन आली. सेतेची बायको तिच्या आधी उभी होती, तिचं दळण चालू होतं.

"आता धुऊन घे गं यंत्र," म्हातारी म्हणाली.

"काय धुऊ, आमा?"

"तुला माहीत नाही? माझ्या तोंडून कशाला वदवतेस?"

खिमकलीनं झडप फिरवली. यंत्र घरघरत थांबलं. तिनं यंत्राचा मुख्य पट्टा उतरवला, वेटोळं करून खांद्यावर टाकला. "धुवा. पण नुसतं जातं धुऊन कसं भागेल? पाटाचा कडा सेते दाजूनं फोडलाय, तो धुवा. खांबाखांबावरचे आकडे त्यानं घडवलेत, ते धुवा. तुमच्या घरातला दिवासुद्धा त्याच पाटातून येतो, तो आधी पाण्यात बुडवा. सगळं धुऊन झालं की मला हाक मारा. मी मका सोलतेय."

आणि खरंच अंगणात जाऊन मका सोलत बसली. दिवस कलला, गाव काळोखात गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. "पट्टा दे." ती विचारी, "धुऊन झालं?" माणसं परत जात. दुपारी शाळामास्तर आले, त्यांनाही तोच प्रश्न. शेवटी मुखियाबांचा निरोप आला: चालू कर, रांग असेल तसं दळ. म्हातारीनं मात्र हट्टानं तो सगळा पावसाळा पाणचक्कीवरच दळण नेलं. गुडघे धरले तेव्हा एक दिवस गुपचूप रांगेत येऊन उभी राहिली. खिमकलीनं तिला बसायला पाट दिला.

खरी गोष्ट पुढं घडली, आणि ती दिव्यांपेक्षा मोठी होती. चैत्र-वैशाखात कटुसडांड्यात कणग्या रिकाम्या व्हायच्या. लोक मुखियाबांकडून धान्य उचलायचे आणि बदल्यात पेरणीला, कापणीला त्यांच्या रानात राबायचे. आजोबानं खाल्लेलं धान्य नातू फेडायचा. ओमकुमारी आणि चार जणी रानातल्या लोकता झुडपाची साल सोलून व्यापाऱ्याला देत, तो कच्च्या सालीला म्हणेल ते टाकी. आता त्यांनी वीजघराच्या पाठीशी छप्पर घातलं, साल कुटायचं यंत्र बसवलं आणि स्वतः कागद करू लागल्या. चौकटीवर ओतलेला, उन्हात वाळवलेला, दोन पिढ्या न फाटणारा कागद. सेतेनं भाता बाजूला ठेवला, विजेवर लोखंड सांधायला शिकला. विळे, दारं, पाण्याच्या टाक्या. खालच्या गावांतून लोक त्याच्याकडं यायला लागले. दोन वर्षांत चैत्रात मुखियाबांच्या ओसरीवर माणसांची दाटी कमी झाली. चौथ्या वर्षी तिथं कुणीच आलं नाही, आणि मुखियाबांना कापणीला मजुरी देऊन माणसं लावावी लागली. ती मजुरी पुरुषाला आणि बाईला सारखी. कमी दिली तर बाई सरळ कागदाच्या छपरात जाई.

ज्ञानसिंग परतला तो याच काळात. उजव्या हाताची दोन बोटं ताडाच्या मळ्यात ठेवून आला होता. बायकोची सत्ता चार दिवस बघितली, मग म्हणाला, "मी काय आता तुझ्या हाताखाली पाटातला गाळ काढू?"

"मलेशियात कुणाच्या हाताखाली होतास?"

"कंपनीच्या."

"तिचं तोंड पाहिलं होतंस कधी?"

तो हसला. दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पाटावर गेला.

मग मोठी लाइन आली. खोऱ्यातून एकेक खांब वर चढत आला, आणि खांबाबरोबर बातमी: सरकारची वीज, न लुकलुकणारी, टीव्ही चाले, फ्रीज चाले, हवी तेवढी जाळा. गाव हरखलं. खिमकलीही. तिला या विजेशी वैर नव्हतं. आपल्या छोट्या यंत्रानं संध्याकाळी सगळ्या घरांना पुरवताना कशी धाप लागते, हे तिच्याइतकं कोण जाणणार होतं? पण बैठकीत मुखियाबा उठले आणि म्हणाले, "आता हे खेळणं बंद. यंत्र भंगारात द्यायचं, तारा उतरवायच्या. आलेल्या पैशाचं देऊळ बांधू."

"आणि गिरणी? कागद? सेते दाजूचं दुकान?" खिमकलीनं विचारलं.

"मोठ्या लाइनवर चालवा."

"मोठ्या लाइनचं बिल मोठं. वर ती रोज दुपारी जाते. खालच्या गावात विचारून या. आमचं काम दुपारचंच असतं."

"म्हणजे तुझ्या चार बायकांसाठी अख्ख्या गावानं जुन्याला कवटाळून बसायचं?"

मतं पडली. खिमकली हरली, आणि थोडक्यात नव्हे, चांगली दणकून हरली. तरुण पोरांना टीव्ही हवा होता आणि म्हाताऱ्यांना देऊळ. ज्यांच्या पोरी कागदाच्या छपरात होत्या अशांचेही हात भंगाराच्या बाजूनं वर गेले. घरी येताना ओमकुमारी रडत होती. "आता काय भाउजू?"

"आता काय म्हणजे? मतं पडली. पाट नाही पडला अजून."

भंगारवाला हमाल घेऊन आला, तेव्हा वीजघराच्या दारात खिमकली बसली होती. शेजारी सेते, ओमकुमारी, कागदाच्या बायका, आणि थोडं मागं, फावडं टेकून ज्ञानसिंग. बघायला गाव लोटलं.

"उठ बुहारी," मुखियाबा म्हणाले. "गावाचा निर्णय आहे."

"मान्य आहे. ज्याला विकायचंय त्यानं विकावं." ती उठून उभी राहिली. "हे यंत्र बाहेरून आलं, पण पाट आपण खणला. घरागणिक एकेक तुकडा. ज्याच्या मनात विकायचं आहे त्यानं आपापला तुकडा उचलावा आणि घेऊन जावा. मी अडवणार नाही. माझा तुकडा काळ्या कड्यात आहे. तो विकाऊ नाही."

"पाट कसा उचलणार?" कुणीतरी विचारलं, आणि विचारता विचारता त्यालाच हसू फुटलं.

"मला काय माहीत? विकणाऱ्यांनी ठरवावं. मोठी टोपली आणा."

हशा पिकला. तोही एका बाजूनं नाही, सगळीकडून. मुखियाबांचा पुतण्या, तोच फोडणीवाला, पोट धरून खाली बसला. पण मुखियाबा डगमगले नाहीत. "यंत्र तरी गावाचं आहे ना?"

"आहे. आणि ज्या दिवशी ते गावातून हलेल, त्या दिवशी आम्ही सगळ्या चैत्रात तुमच्या ओसरीवर येऊ, मुखियाबा. पोराबाळांसकट. धान्य काढून ठेवा."

हसणारे थांबले. सगळ्यांना ती ओसरी आठवली. ज्यांनी भंगाराला हात वर केले होते, त्यांतल्या एकानं, धनरूप पुननं, हळूच म्हटलं, "दिवा तिकडचा घेऊ. काम इकडं राहू दे. काय बिघडलं?" दुसऱ्यानं मान डोलावली. मग तिसऱ्यानं. भंगारवाल्यानं वारा ओळखला, हमालांना चहा पाजला आणि खाली उतरला.

म्हणजे सगळं मनासारखं झालं असं नाही. घरं मोठ्या लाइनवर गेली. उरली गिरणी, दुकान, कागद. तेवढ्यावर यंत्राची देखभाल भागेना. त्यात त्या वर्षीच्या पावसानं दरड कोसळली आणि पाटाचं तोंडच ओढ्यात गेलं. पूर्वी अशा वेळी अख्खं गाव कुदळी घेऊन यायचं. या वेळी आल्या त्या कागदाच्या बायका, सेतेचं घर आणि ज्ञानसिंग. बाकीच्यांच्या घरात दिवे लागत होते, त्यांना काय पडली होती? चिखलात कमरेइतकं उभं राहून ज्ञानसिंग म्हणाला, "झालं तेवढं पुष्कळ झालं, खिमा. तुझं म्हणणं तू खरं करून दाखवलंस. आता सोड."

खिमकली दगड उचलत होती. ती थांबली नाही. "मी म्हणणं खरं करायला नाही आले. हे माझं आहे म्हणून आले. तुला जायचं तर जा, जेवण झाकून ठेव."

तो गेला नाही.

त्याच चिखलात तिच्या डोक्यात विचार आला. रात्री दुकानं बंद असतात, यंत्र रिकामं असतं, पाणी फुकट वाहून जातं. मोठी लाइन दारातून जातेय. आपली वीज तिच्यात का सोडू नये? ते आपल्याला विकतात, आपण त्यांना विकू.

जिल्ह्याच्या गावी वीज कचेरीत साहेबांनी तिचं म्हणणं ऐकलं आणि ते मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला गंमत वाटली. "दिदी, तुमच्या ओहोळानं आमच्या लाइनीत काय भर पडणार?"

"भर नाही घालायची साहेब. विकायची आहे."

"एवढ्या लहान वीजघराकडून घ्यायचा नियम नाही."

"खांब आमच्या रानात रोवताना आम्हाला विचारायचा नियम होता का?"

साहेबांचं हसू आटलं. "वरून परवानगी यावी लागते. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात ती गेली. त्याच्या पुढच्याही. मग तिनं एकटीनं जाणं सोडलं. ओमकुमारी, सेतेची बायको, छपरातल्या सगळ्या जणी, पाठीवर कागदाचे गठ्ठे घेऊन. साहेब नाहीत म्हटलं की त्या कचेरीच्या ओट्यावर बसत आणि तिथंच कागद विकायला मांडत. कचेरीत कामाला आलेली माणसं कागद घेत, विचारत, "इथं कशा तुम्ही?" मग सगळी कथा सांगितली जाई. बाजारभर झाली. शिपायानं हाकललं तर खिमकली म्हणे, "आम्ही गिऱ्हाईक नाही रे बाबा, शेजारी आहोत. तुमची लाइन आमच्या दारात, आम्ही तुमच्या दारात."

त्या ओट्यावरच तिला बाकीचे भेटले. पलीकडच्या खोऱ्यातलं एक वीजघर, नदीपल्याडचं दुसरं. मोठी लाइन आली आणि गावानं यंत्राला कुलूप लावलं, अशी किती तरी गावं. कुणाच्या यंत्रात उंदरांनी घरटी केली होती. कुणाचं पाण्याचं लोखंडी नळकांडं चोरीला गेलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की नामुष्की आपल्यालाच आली. खिमकली म्हणाली, "एकटं आलं की साहेब हसतात. सगळे मिळून आलो तर बघू, हसायला तोंड पुरतं का."

तिची सासू त्याच काळात गेली. सेतेही गेला, छातीचं दुखणं घेऊन. भात्यासमोरच्या जन्मभराच्या धुरानं त्याला आतून पोखरलं होतं. त्याला जाळून आल्यावर खिमकली दुसऱ्याच दिवशी कचेरीकडं निघाली, तेव्हा ज्ञानसिंगनं विचारलं, "आज तरी थांबशील?"

"थांबले असते. पण त्यानंच परवा सांगितलं, दिदी, पुढची तारीख चुकवू नको."

परवानगी आली. कशी आली ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. राजधानीत नियम बदलला म्हणतात, गावागावांतून रेटा वाढला म्हणतात. कचेरीतले साहेब बदलून त्यांच्या जागी एक इंजिनियर बाई आल्या, त्यांनी टेबलावरचा गठ्ठा उपसला, असंही म्हणतात. खिमकलीला विचारलं तर ती खांदे उडवते. "आमच्या बसण्यानं ओट्याची फरशी झिजली. त्यांना ओटा वाचवायचा होता."

नवी पेटी बसली, तारा जुळल्या. दिवसा यंत्र गिरणीचं, दुकानाचं, कागदाचं काम करी आणि संध्याकाळनंतर त्याची वीज मोठ्या लाइनीत जाई. तिचे पैसे वीजघराच्या नावानं येऊ लागले. पहिल्यांदा पाटाचं तोंड पक्कं बांधून घेतलं. मग आरोग्यचौकीत लसींसाठी फ्रीज आला. आता गाळ काढायच्या दिवशी गाव पुन्हा कुदळी घेऊन यायला लागलं. धनरूप पुन तर सगळ्यांच्या आधी. मुखियाबा आले नाहीत, पण त्यांनी मुलाला धाडलं.

जोडणीचा समारंभ मात्र अजून व्हायचा होता. राजधानीतून मोठे पाहुणे यायचे होते. वीजघराच्या भिंतीवर पाटी लावून त्यावर लाल पडदा सोडलेला होता. पाहुणे खालच्या वळणावर दिसायला लागले, तेवढ्यात खिमकलीच्या लेकीनं पडद्याखाली डोकावून पाहिलं. ती शहरात शिकत होती, सुट्टीला आली होती. "आमा," ती म्हणाली, "यावर लिहिलंय, अमुक विभागाच्या आणि अमुक देशाच्या कृपेनं. आणि खाली, लाभार्थी: कटुसडांडा गाव."

"लाभार्थी म्हणजे?"

"ज्यांना दुसऱ्यानं दिलं ते."

खिमकली तशीच इंजिनियर बाईंकडं गेली. "बाई, पाटी बदला."

बाईंनी पाटी वाचली आणि ओठ चावला. "चूक आहे खरी, दिदी. पण आता पाहुणे आले. पुढच्या वेळी बदलू."

"पुढच्या वेळेत माझं निम्मं आयुष्य गेलं," खिमकली म्हणाली. "यंत्र दिलं त्यांचं नाव राहू द्या. दिलं ते दिलं, मी नाकारत नाही. पण पाट कुणी दिला नाही आम्हाला. हा शब्द असेल तर आज पडदा उघडणार नाही."

ती पडद्यापुढं उभी राहिली. बायका येऊन तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. पाहुणे चढून आले, धापा टाकत, गळ्यात शेंदरी फुलांच्या माळा. समोर ही भिंत. कुणी विचारलं, काय भानगड आहे? कुणीच नीट सांगेना. शेवटी मुख्य पाहुण्यांनीच खिमकलीला विचारलं. तिनं सांगितलं, आवाज न चढवता, एकाच दमात. त्यांनी पडदा उचलून पाटी वाचली. मग म्हणाले, "रंग आहे का इथं?"

सेतेच्या दुकानात होता. दारांना लावायचा हिरवा तेलरंग, आणि थोडा पांढरा. त्याच्या थोरल्या मुलानं डबे आणले. इंजिनियर बाईंनी स्वतः ब्रश धरला, 'लाभार्थी' या शब्दावर हिरवा पट्टा ओढला आणि त्यावर पांढऱ्यानं, जरा वाकड्या अक्षरात, लिहिलं: मालक.

पडदा पुन्हा सोडला गेला, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा हलेना. ओल्या रंगाला चिकटून बसला होता. त्यांनी जोर लावला, मागून दुसऱ्यांनी लावला, ज्ञानसिंगनं आपल्या तीन बोटांच्या हातानं एक कोपरा धरला. फर्रकन् आवाज होऊन पडदा सुटला. रंग थोडा फिसकटला, पडद्यावर हिरवा डाग उमटला, पण शब्द वाचता येत होता. गाव हसत होतं, पाहुणे हसत होते. खिमकली पदराच्या टोकानं पाटीवरचा फिसकटलेला रंग पुसायला गेली, आणि मग तिनं तो तसाच राहू दिला.